मिळालं तेव्हाही, गेलं तेव्हाही: ख्रिस्ती माणूस देवावर भरवसा ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो?

इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती घरांत हॉलच्या भिंतीवर एखादं तरी वचन फ्रेम करून लावलेलं असतं. त्यातलं एक फार लाडकं आहे: ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ मुलगी नीटच्या तयारीला लागली की ते तिच्या टेबलासमोर चिकटवतात. भंवरकुआंच्या कोचिंगला जाणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर ते असतं, नव्या दुकानात गल्ल्याच्या वर असतं. वाचणाऱ्याला वाटतं, देव पाठीशी असला की आपण काहीही जिंकू.

हे वाक्य लिहिणारा येशूचा प्रेषित पौल त्या वेळी कैदेत होता. रोमी राजवटीत कैद्याचं पोट सरकार भरेलच याचा काही नेम नव्हता, बाहेरच्या आप्तांनी काही आणून द्यावं तेव्हा चालायचं. फिलिप्पै नगरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी, एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पौलाला मदत पाठवली होती आणि हे पत्र म्हणजे तिची पोच. वरच्या वचनाच्या आधीच्याच ओळींत तो सांगतो, की मला टंचाईत राहता येतं आणि भरपूर असतानाही राहता येतं, पोटभर जेवून राहण्याचं आणि उपाशी राहण्याचं, दोन्हींचं गुपित मी शिकलो आहे. म्हणजे ‘सर्वकाही’ या शब्दात मेजवानी आहे तसा उपासही आहे. पौल परीक्षेत पहिला येण्याबद्दल बोलतच नाहीये. पहिला आलो काय किंवा नापास झालो काय, देवाला धरून राहता येतं, असं तो म्हणतो आहे.

दुःखात देवावर विश्वास कसा ठेवायचा, हे लोक विचारतात. सुखात कसा ठेवायचा, हे क्वचितच कोणी विचारतं. पण ख्रिस्ती शिकवणीत हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, आणि एकाचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचंही चुकतं.

चूक कुठे होते ती आधी बघू. देवाशी आपलं नातं बरेचदा वाण्याच्या वहीसारखं असतं. उपास केला, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग दिला, एक रविवार चुकवला नाही, हे सगळं आपल्या जमेला. आता त्याच्याकडून येणं म्हणजे नोकरी, मुलाचं लग्न, ह्यांचा रिपोर्ट नॉर्मल. खजराण्याच्या गणपतीला उलटं स्वस्तिक काढून मागणं मागणारी आणि ते पूर्ण झाल्यावर सुलटं करायला जाणारी माणसं आमच्या शेजारात आहेत. त्यांच्या भक्तीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मी आमच्याबद्दल बोलते आहे. आम्हीही मेणबत्त्या लावतो, उपास धरतो आणि मनातल्या मनात तारीख ठरवून देवाच्या उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही की दोनच वाटा उरतात: माझा विश्वास कमी पडला, नाहीतर देव खोटा.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तिसरी वाट आहे. दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तीन तरुण बाबेलच्या राजाच्या सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकायला नकार देतात. राजा धगधगत्या भट्टीची धमकी देतो. ते म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने न सोडवलं तरीही आम्ही वाकणार नाही. ‘न सोडवलं तरीही’ हे म्हणता येणं, याला ख्रिस्ती माणूस भरवसा म्हणतो. त्यांना भट्टीचा शेवट माहीत नव्हता. देव माहीत होता.

आता ईयोब. त्याच्याजवळ मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण दुःखाच्या घरी त्याचंच नाव सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने घेतलं जातं.

ऊस देशातला हा सज्जन माणूस. सात मुलगे, तीन मुली, ७,००० मेंढरं, ३,००० उंट. एका दिवसात सगळं जातं, लेकरंसुद्धा. तो झगा फाडतो, डोकं मुंडतो आणि म्हणतो, ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ अंत्यविधीला आपण हेच वाक्य वाचतो आणि पुस्तक मिटतो. पण हा पहिलाच अध्याय आहे, पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्यानंतर तो देवाला जाब विचारतो, त्याच्याशी भांडतो, मला कोर्टात उभं राहू दे म्हणतो.

त्याला भेटायला अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र आले होते. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. एवढंच करून घरी गेले असते तर फार बरं झालं असतं. पण ते बोलू लागले, आणि त्यांचा हिशेब सरळ होता: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, त्या अर्थी तू पाप केलं आहेस. ईयोब कबूल करत नाही म्हटल्यावर बाविसाव्या अध्यायात अलीफज चक्क त्याच्यावर पापं रचतो: तू भाऊबंदांचं गहाण हिसकावलंस, थकलेल्याला पाणी दिलं नाहीस. देवाची बाजू सांभाळण्यासाठी माणूस खोटं बोलायलाही तयार होतो, हे या पुस्तकाने फार स्वच्छ पाहिलं आहे.

शेवटी देव वावटळीतून बोलतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं विचारतो. रानबकऱ्या कधी वितात, शहामृग अंडी कुठे टाकते, हे दाखवत जातो. ईयोबाला कारण मात्र सांगत नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं, सैतानाने ईयोबाच्या निष्ठेवर कशी शंका घेतली, ते वाचकाला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. आणि मग देव अलीफजाला म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे योग्य ते बोलला, तुम्ही बोलला नाहीत.

हे पुन्हा एकदा वाचावं. ओरडणारा, आरोप करणारा ईयोब योग्य बोलला. देवाची नीटनेटकी वकिली करणारे चुकले. ईयोब कितीही कडवट बोलला तरी तो देवाशी बोलत राहिला. मित्र मात्र देवाविषयी बोलत राहिले.

आणखी एक बारकावा. शेवटी ईयोबाला सगळं दुपटीने मिळालं, असं सांगतात. मेंढरं १४,००० झाली, उंट ६,००० झाले. मुलगे मात्र पुन्हा सात आणि मुली तीनच. लेकरांची दुप्पट होत नाही. मेंढरं गेली आणि दुसरी आली. मेलेली दहा लेकरं तशी परत येत नाहीत, आणि शास्त्र तसा आवही आणत नाही.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा एबी रोडवरच्या अपघातानंतर आयसीयूत होता. भेटायला येणारे सफरचंदं आणि सल्ले घेऊन येत. कोणी म्हणे, यात देवाची काहीतरी योजना असेल. कोणी म्हणे, घरात कबूल न केलेलं पाप असेल तर आत्ताच कबूल करा. मग एक मावशी आल्या. बाकावर बसल्या, डब्यातली मऊ खिचडी पुढे केली, पिशवीतून फणी काढली आणि त्या बाईंच्या कित्येक दिवसांच्या विस्कटलेल्या केसांचा गुंता सोडवून वेणी घालून दिली. जाताना हळू आवाजात प्रभूची प्रार्थना म्हटली, बस. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस मला त्या वेळी समजले.

‘देवाची योजना असेल’ हे वाक्य येतं रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातून: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. पौल सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत असं म्हणत नाही. त्याच अध्यायात अवघी सृष्टी कण्हते आहे असं तो लिहितो, तलवार आणि उपासमारीची नावं घेतो. आणि कल्याण म्हणजे काय तेही पुढच्याच ओळीत सांगतो: माणूस ख्रिस्तासारखा होत जाणं. बढती नाही, फ्लॅट नाही. हे वचन आपल्या दुःखातून चालताना स्वतःला सांगायचं असतं, दुसऱ्याच्या दुःखावर झाकण म्हणून ठेवायचं नसतं.

शेजारच्या काकू एकदा सहज म्हणाल्या, ‘अगं, मागच्या जन्माचे भोग असतात, चुकत नाहीत.’ त्यांनी मायेनेच म्हटलं. ख्रिस्ती लोक मागचा जन्म मानत नाहीत, पण तोच विचार दुसऱ्या कपड्यांत आमच्याकडेही येतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानेही नाही आणि त्यांनीही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हाही तो म्हणतो, ती माणसं यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त अपराधी होती असं समजू नका. दुःख बघून त्या माणसाचं खातं वाचायचं नाही, एवढं तो ठाम सांगतो.

याला एक जोड द्यावीच लागेल. काही दुःख आपण किंवा दुसऱ्या कोणी केलेलं असतं. दारूने यकृत गेलं तर त्याला देवाची परीक्षा म्हणू नये. सासरी मार खाणाऱ्या मुलीला ‘हा तुझा क्रूस आहे, उचल’ असं सांगणं तर मी पाप समजते. भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. डॉक्टरकडे जायचं, पोलिसांत जायचं, माहेरी परत यायचं आणि भरवसाही ठेवायचा.

मग रडायचं कुठे? स्तोत्रसंहितेत, बायबलमधल्या गाण्यांच्या पुस्तकात. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी सरळसरळ गाऱ्हाणी आहेत: किती वेळ, हे प्रभो? तू तोंड का लपवतोस? बहुतेकांना शेवटी थोडी आशेची ओळ असते. ८८ वं तर अंधारातच संपतं आणि तरीही ते मंदिरात गायलं जात होतं. खुद्द येशू वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेत त्याने हा प्याला टळो म्हणून प्रार्थना केली होती. तो टळला नाही. ज्याच्या विश्वासात काही उणं नव्हतं, त्याची ही गत. त्यामुळे प्रार्थना फळली नाही म्हणजे विश्वास कमी, हे गणित ख्रिस्ती माणसाला मांडताच येत नाही.

ख्रिस्ती विश्वासाचा गाभा इथे आहे. दुःख का, याचं पूर्ण उत्तर शास्त्र देत नाही. देव दुःखाच्या बाहेर उभा राहून बघत नाही, तो आत उतरला, मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, असं ते सांगतं. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले.

हे आमच्या इंदूरला फार दूरचं वाटू नये. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. उदयनगरच्या भागात आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत त्यांना भोसकून मारलं. वय ४१. देवाने बस थांबवली नाही. पुढे त्यांची धाकटी बहीण, तीही नन, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरीही गेला. त्यांच्या आईने मुलीला मारणारे ते हात धरून त्यांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच कॅथलिक चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं. या घराने देवावर भरवसा ठेवला म्हणजे काय केलं, ते मला समजावून सांगता येणार नाही. राखी आणि ते हात दिसतात, तेवढे दाखवता येतात.

आता दुसरी बाजू, जिथे आपण बेसावध असतो.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोक ४० वर्षं रानात काढून सुपीक देशाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्यांना ताकीद मिळते ती पुढच्या सुखाबद्दल. तुम्ही खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरं बांधाल, सोनंरुपं वाढेल, तेव्हा सांभाळा. नाहीतर मनात म्हणाल, ही संपत्ती माझ्या बाहुबळाने मिळवली. रानात रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, गोळा करताना देव आठवायचाच, कारण उरवून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडत. कोठारं भरल्यावर कोण आठवण करून देणार?

उज्जीया राजाचं चरित्र याचा नमुना आहे. सोळाव्या वर्षी गादीवर बसला, बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेतीवर जीव टाकला, नाव दूरवर गेलं. तो बलाढ्य झाला आणि मग त्याचं हृदय चढलं, असं बायबलमधल्या ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात म्हटलं आहे. याजकांचं काम आपणच करायला मंदिरात शिरला आणि मरेपर्यंत कोडी होऊन वेगळ्या घरात राहिला. दावीद राजाचं मोठं पापही, दुसऱ्याची बायको नेण्याचं, रानात लपतछपत फिरताना झालं नाही. राजवाड्याच्या गच्चीवर, सगळं सुखरूप असताना झालं.

येशूच्या दाखल्यातला श्रीमंत शेतकरी वाईट माणूस नव्हे. पीक चांगलं आलं, कोठारं मोठी बांधावी असं त्याला वाटलं. पण त्याचं बोलणं ऐका: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझ्या जिवा. सगळा सल्ला स्वतःशीच. त्याच रात्री तो मेला.

उघड गर्वाहून मला दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते, कारण ती प्रार्थनेच्या भाषेत बोलते. पीथमपूरला युनिट टाकलं, चाललं, गाडी आली, आणि आपण म्हणतो, देवाने मला आशीर्वाद दिला कारण मी विश्वासू राहिलो. ऐकायला नम्र. पण त्यात ईयोबाच्या मित्रांचंच तर्कशास्त्र उलटं करून ठेवलेलं आहे. माझं यश देवाच्या पसंतीचा पुरावा असेल, तर ज्याचं युनिट बंद पडलं त्याच्यावर देव रागावला असणार. विश्वास ठेवा म्हणजे पैसा येईल, अशी समृद्धीची सुवार्ता मंचावरून सांगणारे हेच विकतात. आणि ज्याने सुखात ही वही मांडली, त्याच्यावर दुःख आलं की तीच वही त्याला खाते. म्हणून मी म्हटलं, दोन्ही प्रश्न एकच आहेत.

मग सुखाला घाबरायचं का? कुंतीने कृष्णाकडे संकटंच मागितली, संकटात तुझी आठवण राहते म्हणून. ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि तिच्यातली ओढ मला कळते. शास्त्रातला आगूर मात्र वेगळं मागतो. मला दारिद्र्यही देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको. पोट फार भरलं तर ‘परमेश्वर कोण?’ म्हणेन, दरिद्री झालो तर चोरी करेन. मला माझ्यापुरतं अन्न दे. येशूने शिकवलेली ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही ओळ त्याच जातीची आहे. दुःख मागून घ्यायचं नाही आणि सुख आलं तर तोंड पाडायचं नाही. पौल तीमथ्याला लिहितो, धनवानांनी चंचल धनावर आशा ठेवू नये, जो देव आपल्याला उपभोगासाठी सर्वकाही विपुल देतो त्याच्यावर ठेवावी. उपभोगासाठी, असंच लिहिलं आहे. हिवाळ्यात रात्री सराफ्यात पोरांबरोबर गरम गराडू खाताना मन भरून यावं आणि उपकार मानावेत, हीही उपासना आहे. पुढच्याच ओळीत मात्र तो म्हणतो, परोपकारी आणि दानशूर व्हा. उपकारस्तुती खरी असली की हात सैल सुटतो.

पंडिता रमाबाईंनी हे दोन्ही पाहिलं. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती पटकीने गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर नाव झालं, संस्था उभ्या राहिल्या, विरोधही झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी बालविधवांना घेऊन परतल्या. दुष्काळ म्हणजे काय ते त्यांच्या अंगाला माहीत होतं. मिळालेला मान त्यांनी या मुलींसाठी खर्च केला, आणि स्वतःच्या भुकेचा दाखला त्यांच्या भुकेपुढे कामाला आणला. पुढची कित्येक वर्षं मूळ भाषांतून मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्यात घातली. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

एवढं समजून घेतल्यावर आपल्या मंडळ्यांत एक गोष्ट बदलावी असं मला मनापासून वाटतं. रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगण्याची, वेळ असते. एमपीपीएससी निघालेला मुलगा उठतो, व्हिसा मिळालेली मुलगी उठते, आम्ही आनंदाने टाळ्या वाजवतो. त्याच बाकांवर तिसऱ्यांदा नापास झालेला मुलगा मान खाली घालून बसलेला असतो, केमोचं दुसरं चक्र चालू असलेल्या आजी असतात. त्यांना वाटतं, आपली साक्ष अजून तयार नाही. स्तोत्रसंहिता हातात असलेल्या लोकांनी असं वाटू देऊ नये. पाळकांनी त्याच वेळेत विचारावं, अजून वाट कोण बघतंय? कोणी उठून ‘मी चिडलोय देवावर, पण आलोय’ एवढंच म्हणेल. तेही ऐकून घ्यावं, सल्ला देऊ नये, आणि निकाल लागलेल्या त्या मुलाला आजींच्या शेजारी बसवून दोघांसाठी एकत्र प्रार्थना करावी.